खाल्ल्या मिठाचा हिशेब

खानदेशात आखाजीच्या दिवशी दोन गोष्टी होतात. घरात पाण्याने भरलेली घागर पितरांच्या नावाने मांडतात, चुलीतल्या विस्तवावर आगारी टाकतात, गेलेल्यांची आठवण काढतात. आणि त्याच दिवशी, पुष्कळदा त्याच घराच्या ओट्यावर, सालदाराचे साल संपते. उचल किती घेतली, खाडे किती पडले, देणे किती उरले याचा हिशेब होतो. पुढच्या सालाची बोली ठरते किंवा मोडते. आता शेतीत यंत्रे आली, सालदार मिळेनासे झाले. तरी जळगाव-धुळ्याच्या खेड्यांत आखाजी ही सालाची तारीख म्हणून अजून ओळखली जाते. शेतीचे वर्ष तिथे संपते म्हणून हा योग जुळला, हे खरे. परंतु मराठीतील कृतज्ञतेचे शब्द एकापुढे एक मांडून पाहिले की ते याच ओट्यावर घडले असावेत असे वाटू लागते. उपकार आपण 'फेडतो'. ऋणातून 'उतराई' होतो. आईबापांचे 'पांग फेडतो'. खाल्ल्या मिठाला 'जागतो'. काहीच जमले नाही तर आपल्या कातड्याचे जोडे करून घातले तरी फिटणार नाही, असे म्हणून बाकी पुढे ओढतो. 'आभार' या शब्दातसुद्धा भार आहेच.

आम्ही मराठी शिकणारी-शिकवणारी माणसे आहोत. आमच्यापैकी काहींचे रविवार चर्चच्या बाकांवर गेलेले आहेत. या दोन्ही नात्यांनी आमची एक तक्रार आहे, आणि ती प्रथम आमच्याच घरच्यांविषयी आहे. मराठी ख्रिस्ती मासिकांतून, उपासनेतल्या प्रवचनांतून आणि आता रोज सकाळी मोबाइलवर येणाऱ्या चिंतनांतून म्हणी-वाक्प्रचारांवर मनन करण्याची एक रीत पडून गेली आहे. एखादा वाक्प्रचार घ्यायचा, तो किती अपुरा किंवा किती अंधश्रद्ध आहे हे दोन ओळींत सांगायचे, मग शास्त्रातले एक वचन ठेवायचे आणि आमेन म्हणून उठायचे. लोकभाषा म्हणजे प्रश्न आणि वचन म्हणजे उत्तर, असा हा सरळ सौदा आहे. त्यात वाक्प्रचार ऐकला जात नाही, आणि आमच्या मते वचनही ऐकले जात नाही.

उचकीचेच घ्या. कुणी आठवण काढली की उचकी लागते, असे आपण म्हणतो. ज्याचे नाव घ्यावे तो दारात उभा राहिला की त्याला शंभर वर्षांचे आयुष्य बहाल करतो. मननकार यावर हसतो आणि परमेश्वराच्या अढळ स्मरणाकडे वळतो. पण ज्या ग्रंथाकडे तो वळतो त्यात स्मरण म्हणजे काय असते? उत्पत्तीच्या पुस्तकात देवाला नोहाची आठवण होते आणि त्याबरोबर वारा सुटतो, पाणी ओसरू लागते. हन्नेची आठवण होते आणि तिची कूस उजवते. इब्री भाषेतले स्मरण मनातल्या मनात राहत नाही. ज्याचे स्मरण होते त्याच्या आयुष्यात ते काहीतरी घडवून आणते. उचकीचा समज शरीरशास्त्राला धरून नसेल. पण आठवण काढणे ही क्रिया आहे आणि ती दुसऱ्याच्या अंगापर्यंत पोहोचते, एवढे त्या म्हातारीच्या समजुतीला कळलेले आहे. नोहाच्या गोष्टीला ती मननकारापेक्षा जवळची आहे.

उलट ज्या शब्दांपाशी थांबायला हवे होते तिथून आम्ही बेफिकिरीने पुढे जातो. 'तिलांजली' घ्या. मृताच्या नावाने ओंजळीतून तीळ आणि पाणी सोडणे हा स्मरणाचा विधी. आज आपण तत्त्वांना तिलांजली देतो, शिक्षणाला तिलांजली देतो. म्हणजे ती टाकून देतो. 'नावाने आंघोळ करणे' याचेही तेच झाले: आप्ताच्या मरणानंतरचे स्नान हे 'तो आपल्यापुरता मेला' या अर्थाचे रूप होऊन बसले. स्मरणासाठी निर्माण झालेल्या कृती भाषेत विस्मरणाची नावे का झाल्या, हा खरा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. आम्हाला दिसते ते असे: विधी एकदा पार पडला की कर्तव्य संपले, असे माणसाला वाटते, आणि संपलेल्या कर्तव्याची भाषा हळूहळू संपवण्याची भाषा होते. यात ख्रिस्ती माणसाने नाक वर करण्याचे कारण नाही. अखेरच्या भोजनाच्या वेळी प्रभूने भाकर मोडली आणि आपल्या स्मरणासाठी हे करीत राहा असे शिष्यांना सांगितले. ते 'करणे' आमच्याकडे ठरलेल्या रविवारी, ठरलेल्या मिनिटांत उरकते. प्रभुभोजनाची तिलांजली होऊ शकत नाही, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे.

आता मिठाकडे येऊ, कारण मूळ दुखणे तिथे आहे. खाल्ल्या मिठाला जागणे हा मराठीत इमानाचा परमोच्च शब्द मानला जातो. शाळेच्या पुस्तकांतून तो स्वामिनिष्ठ शिपायाच्या तोंडी आपण वाचला. पण ओट्यावर तो कोण कोणाला ऐकवतो ते पाहिले पाहिजे. सालदार मालकाला असे ऐकवत नाही की, माझ्या घामाने तुझे शेत पिकले, त्याला जाग. मीठ नेहमी वरून खाली येते आणि इमान खालून वर जाते. ज्याने बारा महिने राबून ते मीठ कमावले त्यालाच ते उपकार म्हणून दाखवले जाते. मजुरीचा उपकार झाला की मजुरी मागणारा कृतघ्न ठरतो. वाक्प्रचाराची खरी ताकद इथे आहे.

बायबलात हे मीठ एकदा नेमक्या याच रूपात येते, आणि मननकार त्याकडे सहसा जात नाहीत. एज्राच्या चौथ्या अध्यायात, बंदिवासातून परतलेले लोक यरुशलेम उभारू लागतात तेव्हा प्रांतातले अधिकारी पारसाच्या राजाला पत्र धाडतात. त्यांचे म्हणणे असे की, आम्ही राजवाड्याचे मीठ खातो, राजाची हानी आम्हाला पाहवत नाही, म्हणून कळवतो. त्या पत्रामुळे बांधकाम थांबते. मिठाला जागणे म्हणजे इथे दरबारी चहाडी, आणि तीही उघड्यावर पडलेल्या, घर बांधू पाहणाऱ्या लोकांविरुद्ध. पुढे डोंगरावरच्या प्रवचनात येशू आपल्या ऐकणाऱ्यांना पृथ्वीचे मीठ म्हणतो. कोणाचे मीठ खाल्ले हा प्रश्नच तो त्यांना विचारत नाही.

खानदेशातल्या ख्रिस्ती माणसाला हे मीठ दोन्ही बाजूंनी चोळले गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी पश्चिम खानदेशात स्कॅन्डिनेव्हियन अलायन्स मिशन आणि पूर्वेकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स यांनी काम उभे केले. शाळा निघाल्या, दवाखाने निघाले, दुष्काळात अन्न मिळाले. जो ख्रिस्ती झाला त्याला गावाने म्हटले, पोटासाठी बाटला. म्हणजे परक्याचे मीठ खाल्ले आणि आपल्यांच्या मिठाला जागला नाही. ज्याला गावाने पाणवठ्यावर येऊ दिले नाही त्याच्याकडून गावच्या मिठाचा हिशेब मागणे ही थट्टाच होती. पण दुसरीकडेही वही होतीच. साहेबाने शिकवले, साहेबाने नोकरी दिली, साहेबाने बंगल्यामागची खोली दिली; तेव्हा साहेबाच्या निर्णयावर प्रश्न करणे हे कृतघ्नपणाचे लक्षण, असे मंडळीत उघड नव्हे तरी समजून-उमजून बोलले जाई. आमच्या पाहण्यात आलेल्या वर्धापनदिनांच्या स्मरणिका उघडाव्यात: पाहुण्या मिशनऱ्यांची नावे पूर्ण आणि ठळक, पायी गावे हिंडलेल्या बायबल-बाया आणि वस्तीवर पाटी धरून बसलेले मास्तर मात्र 'स्थानिक सेवक' या दोन शब्दांत मावलेले. स्मरणिकेचे नाव स्मरण. आत मिठाची वही.

आमच्या उपासनेच्या शब्दातही हा भार शिरला आहे. आभार मानण्यासाठी मराठी बायबलमध्ये आणि प्रार्थनेत 'उपकारस्तुती' हा शब्द रुजला. शब्द भारदस्त आहे, पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोंडी बसला आहे. तो काढून टाका असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या ग्रीक शब्दाच्या जागी तो येतो त्या 'युखारिस्तिया'च्या पोटात 'खारिस', म्हणजे कृपा, आहे. उपकाराची नोंद ठेवता येते. कृपेची ठेवता येत नाही. उपकार करणारा वर उभा असतो आणि स्तुती खालून चढते, ही ओट्याची रचना आम्ही नकळत देवळात नेली. मग व्यासपीठावर बसलेल्या प्रत्येक दात्याला थोडी थोडी उपकारस्तुती मिळू लागली, याचे नवल वाटायला नको.

इथे प्रवचनकार आमच्याशी लगेच सहमत होईल आणि म्हणेल: बरोबर, हिंदू परंपरा ऋणाची आणि आपली कृपेची. हेच आम्हाला नाकारायचे आहे. परंपरेतले तीन ऋणांचे गणित नीट पाहिले तर त्यात धनको-ऋणकोचा सौदा दिसत नाही. ऋषिऋण फिटते अध्ययनाने, म्हणजे मिळालेली विद्या जिवंत ठेवल्याने. पितृऋण फिटते अपत्यामुळे. बापाने दिलेले आयुष्य बापाला परत देता येत नाही, ते पुढे द्यावे लागते. मागून आलेले पुढे पाठवणे हीच तिथली फेड आहे. ओट्यावरच्या मिठाने ही दिशा उलटवली आणि फेड दात्याच्या दाराशी परत आणून उभी केली. तेव्हा भांडण हिंदू शब्द आणि ख्रिस्ती शब्द यांत नाही. ते हिशेबाची भाषा आणि दानाची भाषा यांत आहे, आणि दोन्ही भाषा दोन्ही घरांत बोलल्या जातात.

दानाची भाषा मराठीत नाही असे समजू नये. 'पाणी सोडणे' हा वाक्प्रचार पाहा. एखाद्या गोष्टीवर पाणी सोडले म्हणजे तिच्यावरचा हक्क सोडला. दान देताना हातावरून पाणी सोडायचे, आणि ते पडले की दिलेली वस्तू देणाऱ्याची उरत नाही. 'या हाताचे त्या हाताला कळू नये' असे आपण म्हणतो; डोंगरावरच्या प्रवचनात दानधर्माविषयी हाच दंडक आहे. म्हणजे विसरण्याचे काम मुळात देणाऱ्याचे. घेणाऱ्याने आठवावे आणि देणाऱ्याने विसरावे, ही मूळ वाटणी. आपण ती फिरवून घेतली: देणारा आठवण करून देत राहतो, आणि घेणारा संधी मिळताच विसरतो. 'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण घेणाऱ्याला चोख बसते. योसेफाला तुरुंगात विसरून गेलेला फारोचा प्यालेबरदार तिचा उत्तम नमुना आहे. वैद्य मात्र आयुष्यभर आपल्या मात्रेची याद देत फिरतो, त्याच्यासाठी म्हण नाही. भाषेने एकाच बाजूचा दोष नोंदवला, कारण म्हणी टिकवणारे बहुधा वैद्याच्या बाजूचे होते.

दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आमच्या प्रवचनांत नेहमी येते: दहा बरे झाले, एकच परत आला, तोही शोमरोनी. नऊ जणांच्या कृतघ्नतेवर अर्धा तास जातो. ते नऊ कुठे आहेत, हे येशूने विचारले, हे खरेच आहे. पण न आलेल्या नवांचे आरोग्य त्याने काढून घेतले नाही; दिल्यावर पाणी सोडले होते. आणि जो आला त्याला त्याने पदरी ठेवून घेतले नाही. उठून आपल्या वाटेने जायला सांगितले. मिठाची भाषा असती तर या दोन्ही गोष्टी घडल्या नसत्या.

हे केवळ शास्त्रात घडते असेही नाही. १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरले. धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा मिसरूड फुटायच्या वयाचा मुलगा तिथे आपली कविता म्हणून 'बालकवी' झाला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा त्याच्यावर जीव जडला, आणि पुढे तेव्हाच्या अहमदनगरात टिळकांच्या घरी तो घरच्या मुलासारखा राहिला. टिळक १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले, धर्मप्रसार हे जीवितकार्य मानणारे. त्यांच्या घरचे अन्न खाल्लेला ठोंबरे अखेरपर्यंत होता त्याच धर्मात राहिला. मिठाचा हिशेब त्या घरात नव्हता, याला याहून मोठा पुरावा कोणता हवा? ५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादली इथे रेल्वेखाली बालकवी गेले; पुढच्या वर्षी टिळक गेले. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहिली तेव्हा त्या घरात वावरलेला हा ठोंबरे त्यांत आला, त्याच्या लहरींसकट. टिळकही त्यांच्या तापटपणासकट आले. लक्ष्मीबाईंच्या कृतज्ञतेला गोडव्यांची गरज पडली नाही. पतीचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे नेणाऱ्याही त्याच, आणि त्याच्या विक्षिप्तपणावर हसणाऱ्याही त्याच. उपकारांखाली दबलेले माणूस असे हसू शकत नाही.

आणि आपण या घराचे काय केले? बालकवींवरच्या धड्यात टिळकांना एका उपवाक्याची जागा दिली. धर्मांतर केलेल्या माणसाने खानदेशच्या लाडक्या कवीला आसरा दिला, हे सांगताना आपली जीभ किंचित अडखळते. ख्रिस्ती वक्त्यांनी उलट केले: टिळकांना व्यासपीठावरचे पदक करून टाकले, आणि ठोंबऱ्यांचे नाव घेतले ते टिळकांच्या औदार्याच्या खात्यावर जमा दाखवण्यापुरते. दोन्हीकडे वहीच उघडली.

साने गुरुजींचे उदाहरण अधिक स्पष्ट आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातले हे शिक्षक १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि गुरुजी ते उतरवून घेत. ऐकलेले पुढच्यांसाठी लिहून ठेवणे, ही त्यांची गुरुदक्षिणा. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिले. मराठीतले मातृऋणाचे हे सर्वांत लाडके पुस्तक. पण त्याची मांडणी विसरू नये. श्याम हे सारे आश्रमातल्या सोबत्यांना रात्रीमागून रात्री सांगतो. आई केव्हाच गेलेली आहे. तिचे देणे तिला पोचते करण्याचा मार्ग उरलेला नाही, म्हणून ते ऐकणाऱ्यांकडे जाते. त्याच पुस्तकात लाकडाची मोळी उचलायला कोणी नसलेल्या अस्पृश्य म्हातारीला हात द्यायला आई श्यामला पाठवते. १९४७ साली पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांसाठी उघडावे म्हणून गुरुजी उपोषणाला बसले. आईचे पांग फेडणे कशाला म्हणतात, ते इथे पाहावे. ते आईला मिळाले नाहीत. त्या म्हातारीच्या माणसांना मिळाले.

मग ख्रिस्ती मननाने मराठी वाक्प्रचारांत शोधायचे ते हे. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात इस्राएली शेतकऱ्याला एक विलक्षण आज्ञा आहे. कापणीच्या वेळी एखादी पेंढी शेतात विसरली तर ती आणायला परत जाऊ नकोस; ती परक्यासाठी, पोरक्यासाठी, विधवेसाठी राहू दे. आणि कारण काय? तू मिसरात दास होतास, याची आठवण ठेव. एकाच आज्ञेत आठवायचे काय आणि विसरायचे काय हे दोन्ही आहे. स्वतःची गुलामी आठवायची, पेंढी विसरायची. देवाने सोडवले त्याची फेड देवाकडे जात नाही. ती शेताच्या बांधाशी उभ्या असलेल्या तिसऱ्याकडे जाते. रूथ बवाजाच्या शेतात वेचते त्याला मराठी बायबलात शब्द आहे 'सरवा'. हा शब्द आमच्याकडे कुणाला शिकवावा लागत नाही. भुईमूग काढून झाल्यावर, कापसाच्या शेवटच्या वेचणीनंतर, रानात सरवा वेचणाऱ्या बाया खानदेशाने पाहिल्या आहेत. सरव्याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही, आणि सरवा वेचणारीला कोणी मिठाची आठवण देत नाही.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. प्रवचनकारांनी लोकभाषेला वचनाची पायपुसणी करणे थांबवावे. 'उपकारस्तुती' म्हणताना ती कोणासमोर आणि कोणाच्या सोयीने होते हे तपासावे. साहित्याच्या अध्यापकांनी म्हणींचा अर्थ सांगताना ती म्हण कोण कोणाला उद्देशून बोलतो, हेही शिकवावे. त्याशिवाय 'मिठाला जागणे' हा वाक्प्रचार पाच गुणांचा प्रश्न राहील आणि सालदाराच्या मुलाला वर्गात मान खाली घालावी लागेल. प्रबंधाच्या आरंभी मार्गदर्शकापुढे पानभर वाकणारा ऋणनिर्देश लिहिणाऱ्यांनी तेवढे कष्ट आपल्यामागून येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी घ्यावेत. गुरूचे ऋण तिथेच फिटते, पानावर नाही.

आणि आखाजीला घागर जरूर भरावी. पितरांची आठवण ठेवू नका असे सांगणारी श्रद्धा आम्हाला ठाऊक नाही. पण त्या दिवशी ओट्यावर वही उघडण्याआधी घरधन्याने एकदा आठवावे की आपले आजे-पणजे कोणाच्या शेतात कोणत्या बोलीवर राबले होते. तेवढे आठवले, तर सालदाराच्या उचलीतली एखादी रक्कम विसरणे अवघड जाऊ नये.